दोनदा वितळणारी भुकटी

रसायनशास्त्रात पदार्थ शुद्ध आहे की नाही हे ताडायची जुनी रीत म्हणजे तो तापवून बघणे. शुद्ध असेल तर एका ठरलेल्या तापमानाला वितळतो. रेंगाळत, टप्प्याटप्प्याने वितळला तर काहीतरी मिसळलेलं आहे असं धरून चालायचं. 1888 मध्ये प्रागच्या जर्मन विद्यापीठातले वनस्पतिशास्त्रज्ञ फ्रीड्रिश रायनिट्झर याच रीतीने गाजरातल्या कोलेस्टेरॉलपासून बनवलेलं एक संयुग तपासत होते. कोलेस्टेरिल बेंझोएटची ती पांढरी भुकटी 145.5 अंश सेल्सिअसला वितळली, पण द्रव झाला गढूळ. आच वाढवत नेल्यावर 178.5 अंशांना तो एकदम निवळला. थंड होताना त्यात निळ्या-जांभळ्या रंगांची झाक येऊन जायची. एकाच पदार्थाला दोन वितळबिंदू! रायनिट्झरनी तो पुन्हा शुद्ध केला, तरी तेच.

ते वनस्पतीवाले, कोडं आपल्या आवाक्यातलं नाही हे त्यांनी ओळखलं आणि 14 मार्च 1888 रोजी आखेनचे भौतिकशास्त्रज्ञ ओटो लेहमान यांना नमुन्यासह पत्र धाडलं. लेहमान यांच्याकडे नमुना तापवत तापवतच ध्रुवित प्रकाशात बघता येईल असा सूक्ष्मदर्शक होता. त्याखाली तो गढूळ द्रव पाण्यासारखा वाहताना दिसे, पण प्रकाशाशी वागे स्फटिकासारखा. लेहमाननी पुढच्याच वर्षी ‘वाहते स्फटिक’ अशा मथळ्याचा निबंध छापला; आज त्यांना द्रवस्फटिक म्हणतात. त्यावर टीका व्हायची ती झालीच. गुस्टाफ टामान यांच्यासारख्या नावाजलेल्या रसायनशास्त्रज्ञाने हा सगळा प्रकार तेल-पाण्याच्या घुसळणीतला ठरवला, म्हणजे पुन्हा भेसळच. हाले विद्यापीठात डानिएल फोरलेंडर यांनी असे पदार्थ ढिगाने बनवून दाखवले, आणि रेणू लांबट, सरळ असले की ही अवस्था येते हेही सांगितलं, तेव्हा वाद निवळला. पण पुढे कित्येक वर्षं याचं करायचं काय, हे कुणाला फारसं सुचलं नाही.

सुचलं ते अमेरिकेत, आरसीए या इलेक्ट्रॉनिक्स कंपनीच्या प्रिन्स्टनमधल्या प्रयोगशाळेत. 1962 मध्ये रिचर्ड विल्यम्सना दिसलं की दोन काचांमधल्या द्रवस्फटिकाच्या पातळ थराला वीजदाब दिला की त्यात पट्टे उमटतात. जॉर्ज हाइलमायर यांच्या गटाने त्यावरून पडदा बनवला: वीज दिली की थर दुधाळ होतो, काढली की पारदर्शक. मे 1968 मध्ये पत्रकारांना बोलावून गाजावाजाही झाला. भिंतीवर टांगायच्या टीव्हीची स्वप्नं मात्र कंपनीने लवकरच गुंडाळली.

आजच्या कॅल्क्युलेटरच्या पडद्याची युक्ती वेगळी. तीही आरसीएमधल्याच वोल्फगांग हेल्फरिश यांच्या डोक्यात आलेली, पण तिला दोन पोलरायझर (एकाच दिशेने कंपणारा, म्हणजे ध्रुवित प्रकाश तेवढा जाऊ देणाऱ्या पट्ट्या) लागतात आणि पहिलाच पोलरायझर निम्मा प्रकाश खातो, म्हणून वरिष्ठांना ती रुचली नाही. हेल्फरिश 1970 मध्ये स्वित्झर्लंडला गेले आणि बाझेलच्या हॉफमान-ला रोश या औषध कंपनीत मार्टिन शाट यांच्यासोबत त्यांनी ती प्रत्यक्षात आणली. 4 डिसेंबर 1970 रोजी पेटंटचा अर्ज झाला. काही महिन्यांतच अमेरिकेत जेम्स फर्गसन यांनीही तसाच अर्ज केला, आणि कोर्टकचेऱ्या ओघाने आल्याच.

युक्ती अशी. काचेच्या आतल्या लेपावर कापड एकाच दिशेने घासतात. लांबट रेणू त्या दिशेने ओळीत बसतात. समोरची काच काटकोनात घासलेली. मधले रेणू मग गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखे वळत जातात, आणि आत आलेला ध्रुवित प्रकाश त्यांच्याबरोबर 90 अंशांनी वळून पलीकडच्या, काटकोनात लावलेल्या पोलरायझरमधून बाहेर पडतो. वीज दिली की रेणू ताठ उभे राहतात, वळण मोडतं, प्रकाश अडतो, तेवढा भाग काळा दिसतो. घरी पडताळायचं असेल तर पोलरॉइड गॉगल लावा आणि कॅल्क्युलेटर डोळ्यांसमोर हळूहळू फिरवा. एका कोनात अख्खा पडदा काळा होईल.

माझ्या मते या कुळातला खरा कर्ता पुरुष इंग्लंडमधल्या हल विद्यापीठात बसला होता. तोवरचे पदार्थ एक तर फार तापवावे लागत, नाहीतर दमट हवेने वा उजेडाने बिघडत. जॉर्ज ग्रे वर्षानुवर्षं याच रेणूंच्या मागे लागलेले. बेंझिनच्या दोन कड्यांना जोडणारा मधला दुवाच कमकुवत आहे हे हेरून त्यांनी तो काढून टाकला आणि कड्या थेट एकमेकींना जोडल्या. 1972 मध्ये हाती आलेला हा पदार्थ रंगहीन, टिकाऊ आणि साध्या खोलीत काम करणारा निघाला. एकट्याने तो साधारण 24 ते 35 अंशांतच चाले, म्हणून माल्व्हर्नच्या संरक्षण प्रयोगशाळेत पीटर रेन्स यांनी हिशेबाने त्यात त्याचेच भाऊबंद मिसळले आणि पल्ला शून्याखालपासून 60 अंशांच्या आसपास नेला. ज्या कुळातल्या पदार्थांवर एकेकाळी भेसळीचा आळ होता, ते बाजारात चालले ते मिश्रण म्हणूनच!

एक खोट उरली: बाजूने पाहिलं की चित्र फिकं, उलटसुलट दिसे. तिच्यावरच्या उताऱ्याचा एक धागा बंगळुरूला जातो. 1977 मध्ये रामन संशोधन संस्थेत एस. चंद्रशेखर, बी. के. सदाशिव आणि के. ए. सुरेश यांनी लांबट नव्हे, तर चकतीसारख्या चपट्या रेणूंचेही द्रवस्फटिक होतात हे दाखवलं. 1990च्या दशकात जपानच्या फुजी कंपनीने चकतीच्या रेणूंचाच पातळ पापुद्रा बनवला, आणि तो चिकटवलेले पडदे बाजूला बसलेल्यालाही नीट दिसू लागले.