मठ गेला, पथिकाश्रम उरला

इंग्लंडच्या खेड्यांतून निवांत भटकणाऱ्याची पावले दुपारी हमखास पबकडे वळतात. पेल्यासोबत तेथे गप्पा रंगतात. पण यांतील काही वास्तूंचा उगम मठवासीयांच्या आतिथ्यधर्मात आहे, हे थोड्यांनाच ठाऊक असते.

सॉमरसेट परगण्यातील नॉर्टन सेंट फिलिप या खेड्यातला ‘द जॉर्ज’ हा पब मुळात हिंटन येथील कार्थुसियन मठाच्या मालकीचा. लोकरीच्या जत्रेला आलेले व्यापारी तेथे उतरत. ग्लॅस्टनबरीचे मठाधिपती जॉन सेल्वुड यांनी तर पंधराव्या शतकात खास यात्रेकरूंसाठी दगडी पथिकाश्रम बांधला. दारी आलेल्या पाहुण्यात ख्रिस्त पाहावा, ही संत बेनेडिक्ट यांची शिकवणच तेथे साकार झाली.

जवळच वेल्स हे कॅथेड्रलचे चिमुकले शहर आहे. तेथील चौदाव्या शतकातील घड्याळावर दर पाव तासाला लुटुपुटीची झुंज खेळणारे घोडेस्वार पाहण्यात पर्यटक रमून जातात. पण याच वेल्समध्ये नोव्हेंबर १५३९ मध्ये ग्लॅस्टनबरीचे वयोवृद्ध मठाधिपती रिचर्ड व्हायटिंग यांच्यावरील खटल्याचा फार्स उरकण्यात आला. मठ आठव्या हेन्री राजाच्या हवाली करण्यास त्यांनी नकार दिला होता. १५ नोव्हेंबर रोजी ग्लॅस्टनबरीच्या टेकडीवर दोन मठवासीयांसह त्यांना फाशी देण्यात आली. १८९५ साली पोप लिओ तेरावे यांनी त्यांना ‘धन्य’ घोषित केले.

मठाचे आज भग्नावशेष उरले आहेत. राजाने वेदी मोडली, मठ लुटला. वाटसरूंसाठी बांधलेला तो पथिकाश्रम मात्र अजून उभा आहे.