जुन्या नाण्यांचा 'मिक्स लॉट' स्वस्तात मिळतोय, घ्यावा का? पैसे देण्याआधी हे वाचा

एखादा बाजाराचा दिवस. तांब्या-पितळेची मोड घेणाऱ्याकडे एका डब्यात काळी-हिरवी पडलेली नाणी असतात. विक्रेता सांगतो, "शंभर नाणी आहेत, तीन हजाराला सगळी घेऊन जा. यातलं एक जरी सातवाहनांचं निघालं तरी पैसे वसूल." फोटो व्हॉट्सॲप ग्रुपवर पडतो आणि चर्चा सुरू होते. घ्यायचं की सोडायचं?

बीडकरांना हा प्रश्न पडणं साहजिक आहे. सातवाहनांची राजधानी पैठण आणि त्यांच्या काळातलं मोठं व्यापारी केंद्र असलेलं तेर, दोन्ही शेजारच्याच जिल्ह्यांत. नंतर यादव आले, बहमनी आले, निजामशाही, मुघल आणि मराठे आले. १९४८ पर्यंत बीड हैदराबादच्या निजामाच्या राज्यात होतं. प्रत्येक राजवटीचं चलन इथे फिरलं. त्यामुळे जुनं नाणं सापडणं इथे नवलाचं नाही. मात्र जुनं नाणं म्हणजे महागडं नाणं, हे गणित चुकीचं आहे.

अशा लॉटमध्ये नेमकं काय निघतं?

सगळ्यात जास्त निघते ती शिवराई. एका बाजूला 'श्री राजा शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्रपति'. पण प्रत्येक शिवराई शिवाजी महाराजांच्या काळातली नसते. त्याच मजकुराची तांब्याची नाणी पुढे पेशवाईतही पाडली गेली. बाजारात दिसणाऱ्या बहुतेक शिवराया नंतरच्या असतात, म्हणून त्या स्वस्त असतात.

दुसरा नंबर निजामाच्या हाली सिक्क्यांचा. चांदीच्या रुपयावर चारमिनार असतो. त्याच्या कमानीत 'ऐन' हे अक्षर असेल तर नाणं सातवे निजाम उस्मान अली खान यांचं. वर्ष हिजरी असतं. त्याला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवले की इसवी सन साधारण कळतं. १३३० हिजरी म्हणजे १९१२ च्या आसपास.

सातवाहनांची नाणी बहुतेक शिसं, तांबं किंवा पोटीन या मिश्र धातूची. त्यांवर हत्ती आणि चार वर्तुळं जोडलेलं 'उज्जैन चिन्ह' दिसतं. पण इतकी झिजलेली असतात की अनेकदा काहीच वाचता येत नाही.

खोटी नाणी कशी ओळखायची?

'ईस्ट इंडिया कंपनी, १८१८' असं लिहिलेलं आणि राम दरबार किंवा हनुमान असलेलं नाणं निघालं, तर ते बाजूला ठेवा. कंपनीने असं नाणं कधीच पाडलं नव्हतं. हे नंतर तयार झालेले टोकन आहेत आणि 'लाखोंचं नाणं' म्हणून तेच सर्वाधिक व्हायरल होतात.

बाकी नाण्यांसाठी काही सोप्या तपासण्या आहेत. तांबं, चांदी आणि शिसं लोहचुंबकाला चिकटत नाही. चिकटलं तर आत लोखंड आहे. नाण्याच्या कडेवर जोडाची रेष किंवा पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसले तर ते साच्यात ओतलेलं असू शकतं. दोन नाण्यांवर अगदी एकाच जागी सारखाच ओरखडा असेल तर दोन्ही नकली समजा. छोटा वजनकाटा सोबत असू द्या: हाली रुपया सुमारे ११.२ ग्रॅमचा, तर ब्रिटिश रुपया ११.६६ ग्रॅमचा असतो.

नकली नाण्यांचा त्रास या भागाला नवा नाही. १३३० च्या सुमारास मुहम्मद तुघलकाने चांदीच्या नाण्याच्या किमतीची तांब्या-पितळेची नाणी काढली. दौलताबादेतही ती पाडली गेली. लोकांनी घरोघरी तशीच नाणी बनवली आणि सुलतानाला योजना गुंडाळावी लागली. याच तुघलकाचा दात पडला तेव्हा त्याची कबर बीडजवळच्या करजणीत बांधली, असं सांगितलं जातं.

किंमत परवडते का, हे कसं ठरवायचं?

समजा, शंभर नाणी तीन हजाराला. म्हणजे एक नाणं ३० रुपयांना. त्यातली ४० वाचताच येत नाहीत आणि २० टोकन निघाली. उरली ४०, म्हणजे खरा भाव पडला ७५ रुपये. तशीच ओळखलेली शिवराई परवानाधारक विक्रेत्याकडे निवडून याच भावात मिळत असेल, तर लॉट स्वस्त नाही.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. विक्रेत्याने चांगली नाणी बहुधा आधीच काढून घेतलेली असतात. शिकण्यासाठी, हौस म्हणून घ्यायचं असेल तर ठीक. पैसे दुप्पट होतील म्हणून घेणार असाल तर नको.

कायदा काय सांगतो?

१९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनं नाणं हा पुरावशेष ठरतो. ते देशात विकत घेऊन जवळ ठेवणं गुन्हा नाही. पण त्यांचा व्यापार करायला परवाना लागतो आणि ती देशाबाहेर पाठवता येत नाहीत. परदेशातल्या भावाला भेट म्हणून पाठवणंही यात आलं. त्यामुळे पक्कं बिल मागा.

"विहीर खोदताना हंडा लागला, त्यातली आहेत" असं कोणी सांगितलं तर थांबा. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून जास्त किमतीच्या ठेव्याची माहिती जिल्हाधिकाऱ्यांना द्यावी लागते. लपवल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते आणि शोधणाऱ्याचा हक्कही जातो.

यात इतिहासाचंही नुकसान आहे. १९०६ मध्ये नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नहपानाच्या त्या नाण्यांपैकी नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपला छाप मारला होता. सातवाहनांनी क्षत्रपांना हरवल्याचा हा भक्कम पुरावा ठरला. ठेवा एकत्र राहिला म्हणून हे कळलं. तीच नाणी मुठी-मुठीने विकली गेली असती, तर हा पुरावा उरला नसता.

घेतलीच तर काय करायचं?

चिंच, लिंबू किंवा पितांबरीने घासू नका. वरचा थर निघाला की अक्षरं जातात आणि किंमतही. माती काढायला डिस्टिल्ड वॉटर, म्हणजे बॅटरीत टाकतात ते पाणी, पुरेसं आहे. शिशाची नाणी हाताळल्यावर हात धुवा आणि ती लहान मुलांपासून लांब ठेवा.

आणि विकताना "आधी कमिशन किंवा टॅक्स भरा" असा फोन आला तर एक रुपयाही देऊ नका. रिझर्व्ह बँकेचं नाव वापरून अशी फसवणूक होत असल्याचा इशारा खुद्द बँकेनेच ऑगस्ट २०२१ मध्ये दिला होता. जुन्या नाण्यांच्या अशा व्यवहारांशी आपला संबंध नसल्याचं आणि त्यासाठी आपण कसलंही शुल्क घेत नसल्याचंही बँकेने तेव्हा स्पष्ट केलं होतं.