‘एच’ दाबा, शीर्षक गाठा

जळकोटला बसून पेटची तयारी करणारा अंध विद्यार्थी वेबपान वाचतो कसं? कानाने. चांगले स्क्रीन रीडर महाग होते, म्हणून २००६ साली ऑस्ट्रेलियातल्या मायकल करन या अंध तरुणाने एनव्हीडीए लिहायला घेतला. तो मोफत आहे. ‘एच’ दाबलं की पुढचं शीर्षक, ‘के’ दाबलं की पुढची लिंक. उरलेल्या गरजांसाठी वापरणाऱ्यांनीच ॲड-ऑन लिहिले.

पण पान नुसतं स्कॅन केलेलं असेल, तर ओसीआर केल्याशिवाय तो गप्पच. युनिकोडआधीच्या फॉन्टमधलं मराठी असेल, तर भलतंच वाचतो. म्हणून मित्रांनो, प्रबंध युनिकोडमध्येच टाइप करा, शीर्षकांना हेडिंग स्टाइल द्या. नाहीतर उद्याचा एखादा संशोधक आपणच दाराबाहेर ठेवला, असं समजा.