गेंड्याच्या गळ्यातली पिवळी गाठ

आजची गोष्ट गळ्यातल्या चार दाण्यांची. थायरॉइड काढल्यावर ओठांभोवती मुंग्या येतात, बोटं आपोआप आखडतात. का, हे कळायला डॉक्टरांना तीस वर्षं लागली. आणि गोष्ट सुरू होते एका भारतीय गेंड्यापासून!

लंडनच्या झूने तो १८३४ साली विकत घेतला. १८५० च्या आसपास तो मेला, तेव्हा रिचर्ड ओवेन यांनी त्याची चिरफाड केली. थायरॉइडला चिकटलेली एक छोटी पिवळसर गाठ त्यांना दिसली. त्यांनी नोंद केली, विषय संपला. पुढे स्वीडनमध्ये ईवार सान्डस्ट्र्योम या विद्यार्थ्याला तीच गाठ कुत्र्यात सापडली, मग माणसात. १८८० साली त्याने लेख छापला. वाचला कोणी? जवळजवळ कोणीच नाही.

त्याच काळात युरोपात गलगंडाची ऑपरेशनं जोरात होती. व्हिएन्नात बिलरोथ, बर्नमध्ये कोखर. दोघंही उस्ताद, पण पेशंट बिघडायचे वेगवेगळे. कोखरचे काही महिन्यांनी सुजायचे, मंद व्हायचे. बिलरोथच्या पेशंटना मात्र काही दिवसांतच पेटके यायचे, काही दगावायचे. अमेरिकन सर्जन हॉलस्टेड यांनी दोघांचं काम पाहिलं होतं. त्यांचा तर्क मला फार आवडतो. कोखर सावकाश, रक्त न सांडता थायरॉइड तेवढी अख्खी काढायचे. बिलरोथ भराभर कापायचे, त्यात थायरॉइडचा तुकडा राहायचा आणि मागचे ते दाणे जायचे.

ते दाणे म्हणजे पॅराथायरॉइड. साधारण चार, प्रत्येकी मसुराएवढी. रक्तातलं कॅल्शियम त्या सांभाळतात. ते घसरलं की नसा विनाकारण सिग्नल सोडतात, म्हणून मुंग्या, म्हणून पेटके. १८९१ मध्ये फ्रान्सच्या ग्ले यांनी या ग्रंथींचा संबंध प्राण्यांवर दाखवला. १९०९ मध्ये मॅक्कलम आणि फग्टलिन यांनी पेटके आलेल्या कुत्र्यांना कॅल्शियम दिलं आणि पेटके थांबले. कोखरना नोबेल मिळालं तेही १९०९ लाच, बरं का!

आता महाडला येऊ. एमआयडीसीत शिफ्ट करणाऱ्यांच्या किंवा पोलादपूरच्या वाड्यांवरच्या घरात कोणाला थायरॉइडचा कॅन्सर निघाला, तर बहुतेकदा रस्ता मुंबईचा. परळला टाटा हॉस्पिटल १९४१ पासून आहे, आणि किरणोत्सारी आयोडीनचे उपचार करणारं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ पासून. ऑपरेशननंतर कॅल्शियम सगळ्यात खाली जातं ते साधारण २४ ते ७२ तासांत. म्हणजे डिस्चार्ज होऊन, हायवेचे धक्के खात पेशंट घरी पोचतो, नेमकं तेव्हा. रात्री ओठ बधिर झाले की घरचे म्हणतात, अशक्तपणा असेल, दूध दे. दुधाने हे भागत नाही. ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांना लगेच फोन करायचा. हात वळले, श्वास अडला, झटका आला तर थेट दवाखाना, तिथे शिरेतून कॅल्शियम देतात.

बहुतेकांचं हे तात्पुरतं असतं. ग्रंथी जागेवर असतात, फक्त रक्तपुरवठा दुखावलेला असतो, काही आठवड्यांत सावरतात. काहींना गोळ्या कायमच्या. आणि थायरॉइडची गोळी अन् कॅल्शियमची गोळी एकदम गिळू नका, मध्ये चार तास ठेवा. नाहीतर थायरॉइडची गोळी अंगी लागत नाही.