रायफल अडकते कुठं? इन्सासची गोष्ट

नांदेड-लातूरकडं पहाटे भरतीसाठी पळणारी पोरं आपण रोज बघतो. आज त्यांच्या आधीच्या पिढीच्या हातात आलेल्या रायफलची गोष्ट.

नाव इन्सास. डिझाइन पुण्यातल्या पाषाणच्या एआरडीई संस्थेचं. बनवली इशापूर आणि तिरुचिरापल्लीच्या सरकारी कारखान्यांनी. गोळी ५.५६ मिमीची, जुन्या एसएलआरच्या ७.६२ पेक्षा हलकी. ट्रिगर दाबला की एक गोळी, नाहीतर तीन.

१९९९ ला कारगिल पेटलं आणि ही नवी रायफल थेट डोंगरात, बर्फात गेली. तक्रारी आल्या : थंडीनं प्लॅस्टिकचं मॅगझिन तडकतंय, गोळी अडकतेय.

आता मॅगझिन म्हणजे नुसता डबा नाही बरं का. आतली स्प्रिंग गोळ्या वर ढकलते. तोंडाशी असलेल्या दोन कडा वरची गोळी नेमक्या कोनात धरतात. बोल्ट पुढं येताना ती चेंबरमध्ये सारतो. कड तडकली की गोळी वाकडी शिरते आणि रायफल गप्प. समोर शत्रू असताना!

२००५ मध्ये नेपाळच्या सैन्यानंही या रायफलीबद्दल तक्रार केली. भारताकडून उत्तर आलं की रायफल नीट वापरली गेली नव्हती.

इन्सासमध्ये पुढं सुधारणा झाल्या. आता तिच्या जागी एके-२०३ येतेय. तिचीही कारखान्यात मापं बरोबर भरतील, पण ती निम्मीच परीक्षा. उरलेली निम्मी थंडीत, धुळीत, दमलेल्या जवानाच्या हातात होते. ती आधीच घ्यायला हवी, कारण त्या हातांत आपल्याच गावची पोरं असतात.

भेटू पुढच्या भागात!