दीपनगरचे जुने वीजसंच दुरुस्त करण्याऐवजी नवा 660 मेगावॅटचा संच का उभारला?

भुसावळहून वरणगावच्या दिशेनं निघालं की हायवेलगत उंच चिमण्या दिसायला लागतात. हेच दीपनगर. महानिर्मितीचं भुसावळ औष्णिक वीज केंद्र इथं आहे आणि खानदेशात ते 'दीपनगर' याच नावानं ओळखलं जातं.

इथले सुरुवातीचे संच म्हातारे झाले, तेव्हा प्रश्न आला की यांना दुरुस्त करायचं की काढून टाकायचं? उत्तर निघालं, 660 मेगावॅटचा नवा संच. पण राज्यात शंभर वर्षांपूर्वीची जलविद्युत केंद्रं आजही चालतात. मग कोळशाच्या केंद्राला तो न्याय का नाही? समजून घेऊया.

दीपनगरमध्ये कोणते संच होते?

पहिला संच 1968 चा. क्षमता अवघी 62.5 मेगावॅट. त्यानंतर 210 मेगावॅटचे दोन संच आले, एक 1979 मध्ये आणि दुसरा 1982 मध्ये. तेव्हा हे केंद्र महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाकडं होतं. 2005 मध्ये मंडळाचं विभाजन झालं आणि केंद्र महानिर्मितीकडं आलं. 2012 मध्ये 500 मेगावॅटचे दोन संच उभे राहिले.

दरम्यान पहिला संच बंद झाला, मग दुसराही. उरलेल्या तीन संचांची मिळून क्षमता 1210 मेगावॅट होती. जुन्या संचांची जागा घेण्यासाठी सहाव्या संचाचा प्रकल्प आखला गेला. जानेवारी 2018 मध्ये 'भेल'ला सुमारे 2,800 कोटींचं कंत्राट मिळालं. मध्ये कोरोनाचा काळ गेला, बरीच वर्षं लागली, पण संच उभा राहिला.

जलविद्युत केंद्र शंभर वर्षं कसं टिकतं?

टाटांचं खोपोलीचं जलविद्युत केंद्र 1915 चं. लोणावळ्याच्या तलावांचं पाणी घाटाखाली आणून तिथं वीज तयार होते. केंद्र तेच आहे, पण यंत्रं तीच नाहीत. जुनी काढून 24 मेगावॅटचे तीन नवे संच बसवले आणि आज तिथं 72 मेगावॅट क्षमता आहे.

हे शक्य होतं, कारण जलविद्युत प्रकल्पात मोठा खर्च धरण, बोगदे आणि पाइपलाइनचा असतो. हे बांधकाम नीट देखभाल केली तर कित्येक दशकं टिकतं. झिजतो तो टर्बाइनचा फिरणारा भाग, म्हणजे रनर. पाण्यातला गाळ त्याला घासतो. जनरेटरच्या वायंडिंगवरचं इन्सुलेशनही जुनं होतं. रनर, वायंडिंग आणि कंट्रोल सिस्टीम बदलली की केंद्राला नवं आयुष्य मिळतं. रनरची रचना सुधारली, तर तेवढ्याच पाण्यात जास्त वीजही निघते.

मग कोळशाच्या संचाला काय अडचण?

कोळशाच्या संचात बॉयलरच्या नळ्यांमधली वाफ सुमारे 540 अंश सेल्सिअसपर्यंत तापते. इतक्या उष्णतेत आणि दाबात वर्षानुवर्षं राहून धातू हळूहळू ताणला जातो, कमकुवत होतो. बाहेरून राख घासत असते. नळी फुटली की संच बंद. म्हणूनच औष्णिक संचाचं आयुष्य साधारण 25 वर्षं धरतात, तर जलविद्युतचं 35 ते 40.

दुरुस्ती अशक्य नसते. कोराडीचा 210 मेगावॅटचा सहावा संच जागतिक बँकेच्या मदतीनं नूतनीकरणासाठी निवडला गेला होता. पण दुरुस्तीनंतरही संच मूळ तंत्रज्ञानाचाच राहतो. जुन्या 210 मेगावॅटच्या संचांची कार्यक्षमता साधारण 33 ते 35 टक्के असते.

'सुपरक्रिटिकल' म्हणजे काय?

पाण्यावरचा दाब सुमारे 221 बारच्या पुढे आणि तापमान 374 अंशांच्या पुढे गेलं की पाणी आणि वाफ यांत फरक उरत नाही. पाणी उकळण्याचा टप्पाच राहत नाही. या स्थितीत चालणारा संच सुपरक्रिटिकल. त्याची कार्यक्षमता 40 टक्क्यांच्या आसपास जाते. म्हणजे जेवढ्या विजेसाठी जुन्या संचाला 100 किलो कोळसा लागतो, तेवढी वीज इथं साधारण 85 किलोत होते. धूर आणि राखही त्याच प्रमाणात कमी.

पण जुना संच असा 'सुपरक्रिटिकल' करता येत नाही. बॉयलर, टर्बाइन, वाफेचे पाइप असं जवळपास सगळंच बदलावं लागतं. मग नवा संच बांधणंच सोयीचं ठरतं.

वीज स्वस्त होणार का?

इथं गंमत आहे. राज्यात कोणता संच चालवायचा, हे 'मेरिट ऑर्डर'वर ठरतं. ज्याची इंधनाची किंमत कमी, त्याला आधी संधी. चंद्रपूरसारखी केंद्रं खाणीला लागून आहेत. दीपनगरला विदर्भातून रेल्वेनं कोळसा आणावा लागतो, वाहतुकीचा खर्च वाढतो. जुना संच जास्त कोळसा खातो, त्यामुळे यादीत आणखी मागं पडतो आणि मागणी कमी असली की बंद ठेवला जातो. नवा संच या यादीत वर येऊ शकतो.

मात्र बिलात इंधनाचा खर्च हा एकच भाग नसतो. प्रकल्प उभारणीचा खर्च 'स्थिर आकार' म्हणून वर्षानुवर्षं वसूल होतो, संच कमी चालला तरीही. दुपारी सौरवीज मुबलक असते तेव्हा कोळशाच्या संचांना उत्पादन कमी करावं लागतं. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या 2023 च्या नियमांनुसार त्यांना टप्प्याटप्प्यानं 40 टक्के भारापर्यंत खाली येण्याची तयारी करायची आहे. संच जितका कमी चालेल, तितका प्रत्येक युनिटवरचा स्थिर खर्च वाढेल.

दीपनगर परिसराचं काय?

केंद्राला पाणी लागतं ते तापीचं, हतनूर धरणातून. त्याच पाण्यावर शहरं आणि शेतीही अवलंबून आहेत. राख जाते वेल्हाळे गावाजवळच्या तलावात. उन्हाळ्यात वारा सुटला की कोरडी राख उडते. 31 डिसेंबर 2021 च्या केंद्राच्या अधिसूचनेनुसार राखेचा 100 टक्के वापर करणं बंधनकारक आहे. सिमेंट, विटा, रस्त्यांचे भराव यांत ती वापरता येते. प्रति युनिट राख कमी झाली तरी 660 मेगावॅटचा संच एकूण राख 210 च्या संचापेक्षा जास्तच काढणार. त्यामुळे ती उचलली जाते की नाही, हे महत्त्वाचं.

रोजगाराचाही प्रश्न आहे. नव्या संचात बरंचसं काम कंट्रोल रूममधून होतं. प्रति मेगावॅट माणसं कमी लागतात. जुना संच बंद झाला की त्यावरचे कायम कर्मचारी दुसरीकडं पाठवता येतात, पण कंत्राटी कामगारांना तशी हमी नसते.

थोडक्यात, पाण्यावरच्या केंद्रात जुन्या बांधकामात नवं यंत्र बसतं. कोळशाच्या केंद्रात यंत्र हेच केंद्र असतं, म्हणून ते नव्यानं उभारावं लागतं. दीपनगरमध्ये तेच झालं. त्याचा फायदा किती, हे मात्र तो संच वर्षातले किती दिवस चालतो आणि वेल्हाळ्याची राख कुठं जाते, यावर ठरेल.