पोटाचे विकार आणि प्रयोगशाळेची साक्ष

पावसाळ्याचे पहिले कांहीं आठवडे सरले, कीं कल्याण-डोंबिवलींतील घरांतून एक ठराविक संभाषण ऐकूं येतें. कोणाच्या मुलास रात्रीपासून वांत्या व जुलाब सुरू झालेले असतात. कोणाच्या सुनेचे डोळे पिवळे दिसूं लागलेले असतात. वडीलधारी मंडळी कारण शोधूं लागतात : लग्नांतलें जेवण, गाडीवरची पाणीपुरी, उघड्यावरचा उसाचा रस. डॉक्टर मीठ-साखरेचें पाणी पाजावयास सांगतात, चार दिवसांत मूल हिंडूं-फिरूं लागतें आणि प्रकरण मिटतें. रोग नेमका कोणता होता, हें कोणी विचारीत नाहीं. आमच्या मतें, शहराच्या आरोग्याची गुरुकिल्ली या न विचारलेल्या प्रश्नांतच आहे. तो प्रश्न विचारण्याची विद्या मनुष्यास कशी साध्य झाली व तिचा खरा उपयोग कोणता, हें सांगण्याचा येथें विचार आहे.

प्रथम आपल्या नदीकडे पाहूं. उल्हास नदी राजमाचीच्या परिसरांत उगम पावते आणि कर्जत, बदलापूर या गांवांवरून कल्याणास येऊन पुढें खाडीस मिळते. कल्याण हें प्राचीन बंदर. १ मे १८५४ रोजीं ठाण्याहून येथपर्यंत आगगाडी आली; १९४९ सालीं सिंधी निर्वासितांच्या छावणींतून उल्हासनगर उभें राहिलें; पुढें डोंबिवलीचें खेडेंही शहर बनलें. ज्या वालधुनीच्या कांठीं अंबरनाथचें १०६० सालचें शिवालय उभें आहे, ती वालधुनी आज वस्त्यांचें व कारखान्यांचें सांडपाणी घेऊन वाहते. सांडपाणी नदींतच सोडावयाचें आणि पिण्याचें पाणीही नदींतूनच उचलावयाचें, असा हा दुहेरी व्यवहार आहे. शुद्धीकरणकेंद्रांतून पाणी निर्मळ होऊन निघालें, तरी गटाराशेजारून जाणाऱ्या नळाचें काम तेवढ्यानें संपत नाहीं. पाणी बंद झालें, कीं नळांतील दाब उतरतो आणि फुटक्या सांध्यांतून बाहेरची घाण आंत शिरते. सकाळीं तोच नळ पुन्हां वाहूं लागतो.

पाण्यांतून रोग येतो, ही गोष्ट पटकीनें जगास शिकविली. १८८४ सालीं रॉबर्ट कॉक यानें कलकत्त्यास एका तळ्याच्या पाण्यांत पटकीचा जंतु दाखवून दिला. परंतु जो सूक्ष्मदर्शकांतून दिसला, तोच शत्रु ओळखला गेला. तंबाखूच्या पानांवरील एका रोगाचें विष अत्यंत बारीक गाळणींतूनही निसटतें, असें १८९२ त इव्हानोव्हस्की यास व १८९८ त बायेरिंक यास आढळून आलें. हेच विषाणु. पटकीच्या एका जंतूच्या लांबींत पोटाचे विषाणु वीस-पंचवीस सहज ओळीनें मावतील. साध्या भिंगास ते दिसावे कसे? म्हणून जुलाबानें आजारी पडलेल्या कित्येक मुलांच्या मळांत परिचित जंतु सांपडत नसत, आणि डॉक्टर 'बाधलें असेल' एवढेंच म्हणत.

ही कोंडी १९७२ सालीं फुटली. अमेरिकेंत ओहायो प्रांतांतील नॉर्वाक गांवच्या एका शाळेंत १९६८ सालीं ओकाऱ्यांची साथ आली होती. त्या साथींतील मळाचा द्रव जपून ठेविला होता. आल्बर्ट कापिकियन यानें तो गाळून त्यांत रोगमुक्त झालेल्या मनुष्याचा रक्तद्रव मिसळला. रोग्याच्या रक्तांतील प्रतिद्रव्यांनीं विषाणूंस एकमेकांशीं चिकटवून त्यांचे पुंजके बनविले, आणि ते पुंजके विद्युत्कणांच्या सूक्ष्मदर्शकाखालीं दिसले. शत्रूस ज्यानें एकदां तोंड दिलें, त्याचेंच रक्त शत्रूस ओळखण्याच्या कामीं आलें! पुढल्याच वर्षीं मेलबर्न येथें रूथ बिशप व त्यांच्या सहकाऱ्यांनीं जुलाबानें आजारी बालकांच्या आंतड्याच्या सूक्ष्म तुकड्यांत दुसरा एक विषाणु पाहिला. त्याचा आकार चाकासारखा म्हणून त्यास 'रोटा' हें नांव मिळालें. हा लॅटिन शब्द आपल्या 'रथ' शब्दाचा सख्खा भाऊ आहे, हें वाचकांस सांगितल्यावांचून राहवत नाहीं.

आतां आपल्या देशाकडे वळूं. १९५५ सालीं पूर ओसरल्यावर यमुनेनें दिल्लीजवळ आपलें पात्र बदललें आणि नजफगड नाल्याची घाण वजिराबाद येथील पंपांपर्यंत पोचली. अधिकाऱ्यांनीं तुरटी व क्लोरीन यांचें प्रमाण वाढविलें. विषमज्वर वाढला नाहीं. जंतु मेले असावेत. परंतु कांहीं आठवड्यांनीं सुमारे २९,००० लोकांस कावीळ झाली आणि गरोदर स्त्रियांवर तिचा घाला विशेष क्रूर पडला. जंतूंच्या कसोटीस उतरलेलें पाणी विषाणूंच्या बाबतींत निर्दोष असतेंच असें नाहीं, हा धडा दिल्लीनें अतिशय मोठी किंमत देऊन घेतला.

त्या वेळीं ही कावीळ नेहमीच्या 'अ' विषाणूची, असाच समज झाला. तपासण्याचें साधनच नव्हतें. तथापि रोग्यांचे रक्तद्रव कोणीतरी जपून ठेविले. पुण्यास १९५२ सालीं रॉकफेलर प्रतिष्ठानाच्या साह्यानें विषाणु-संशोधन-केंद्र निघालें होतें. १९७८ त त्यास राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था हें नांव मिळालें. डॉ. खोर्शेद पावरी व त्यांचे पुण्याचे सहकारी यांनीं अमेरिकन शास्त्रज्ञांसह दिल्लीचे ते जुने नमुने, १९७५-७६ च्या अहमदाबादच्या साथींतील नमुने व खुद्द पुण्यांतील रोग्यांचे नमुने तपासले. १९८० सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला : ही कावीळ 'अ' ची नव्हे आणि 'ब' चीही नव्हे. त्याच वर्षीं डॉ. मोहम्मद खुरू यांनीं काश्मीरमधील १९७८ च्या साथीविषयीं असेंच सांगितलें. १९८१ त कोल्हापुरांत पाण्यांतून पसरलेल्या काविळीच्या साथीचीही पुण्याच्या शास्त्रज्ञांनीं रक्तपरीक्षेनें छाननी केली. पुढें १९८३ सालीं बालायान या रशियन शास्त्रज्ञानें रोग्यांच्या मळाचा अर्क स्वतः प्राशन करून कावीळ ओढवून घेतली व स्वतःच्याच मळांत तो विषाणु दाखविला. आज त्यास 'ई' म्हणतात. पंचवीस वर्षें शीतकपाटांत मूकपणें पडून राहिलेल्या रक्तानें अखेर साक्ष दिली, ती अशी.

यानंतर परीक्षा सोपी होत गेली. विद्युत्कणांच्या अवाढव्य यंत्राऐवजीं आतां 'एलायझा' पद्धतीनें कांहीं तासांत द्रवाचा रंग पालटतो आणि विषाणूची ग्वाही मिळते, 'पी.सी.आर.' पद्धतीनें तर त्याच्या बीजाचा अल्पस्वल्प अंशही सांपडतो. २०२० च्या महामारीनें हें दुसरें नांव घरोघर पोचविलें. २००५ नंतर देशांतील अनेक रुग्णालयांतून मुलांचे मळ पद्धतशीर तपासण्यांत आले, तेव्हां जुलाबामुळें रुग्णालयांत आलेल्या मुलांपैकीं शेंकडा सुमारें चाळीसांत रोटा सांपडला.

या परीक्षेनें लसही दिली. १९८५-८६ च्या सुमारास दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेंतील नवजात बालकांच्या मळांत रोटा विषाणु सांपडला. मात्र तीं बालकें आजारी नव्हतीं! डॉ. महाराज किशन भान यांनीं त्या सौम्य विषाणूचा माग सोडला नाहीं. पुण्याजवळील वढू, दिल्ली व वेल्लोर येथें मिळून ६,७९९ बालकांवर त्यापासून केलेल्या लशीची कसोटी झाली. पहिल्या वर्षांत रोटाचे तीव्र जुलाब निम्म्याहून अधिक घटले. २०१६ पासून ही लस राष्ट्रीय लसीकरणांत टप्प्याटप्प्यानें आली. निरोगी दिसणाऱ्या मुलांचा मळ तपासणें हें वरकरणीं निरर्थक काम. तें कोणीं केलें नसतें, तर ही लसही नसती.

येथें एक शंका रास्तपणें निघेल. विषाणूवर औषध नाहीं. रोटा असो वा नॉर्वाकचा विषाणु असो, पाणी व क्षार देणें हाच मुख्य उपचार. मग परीक्षेचा खर्च रोग्यानें कां सोसावा? शंका खरी आहे. बहुतेक रोग्यांस या परीक्षेपासून फारसा लाभ नाहीं. परंतु परीक्षा ही केवळ रोग्यासाठीं नसते. ती शेजाऱ्यासाठीं असते.

आमच्या परिचयाच्या एका इमारतींत एका पावसाळ्यांत तीन बिऱ्हाडांत कावीळ झाली. तिघांचे डॉक्टर निरनिराळे. एकानें बाहेरच्या खाण्यास दोष दिला, दुसऱ्यानें पथ्य मोडल्यास, तिसऱ्यानें दैवास. जिन्यांत बायकांची गोष्ट निघाली, तेव्हां तिन्ही घरांचा मेळ बसला. एका मुलीच्या रक्ताची परीक्षा झाली होती. तींत 'ई' निघाला. तेवढ्यावरून टाकी रिकामी करविली, नळ उकरला, व गटाराशेजारचा फुटका सांधा दिसला. तिन्ही रोगी आपोआप बरे झाले असतेही. पण चवथ्या बिऱ्हाडांत एक गरोदर सून होती. तिच्या वतीनें त्या कागदानें साक्ष दिली.

तात्पर्य, पोटाच्या विकारास आपण घरगुती दुर्दैव समजतों. तो बहुधा सार्वजनिक प्रमाद असतो. दुर्दैवास पुरावा लागत नाहीं. प्रमाद सिद्ध करण्यास लागतो. ठाणें, कल्याण व डोंबिवली या शहरांत पाण्याची जंतुपरीक्षा जशी व्हावी, तशीच साथ आल्याबरोबर कांहीं रोग्यांच्या मळाची व रक्ताची विषाणुपरीक्षा सार्वजनिक खर्चानें व्हावी, तिचा निकाल त्या वस्तीस कळावा, आणि नमुने जपून ठेवावे. आजच्या विद्येस जें वाचतां येणार नाहीं, तें कदाचित् पंचवीस वर्षांनंतरची विद्या वाचील. रोगी बरा होऊन घरीं गेला, म्हणजे डॉक्टरांचें काम संपलें. नगराचें काम तेथून सुरू होतें.